कूलरचा पंप कधी बंद करायचा? माझा अनुभव

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात पाडवा झाला की कूलर माळ्यावरून खाली उतरतो. ताट्यांत नवं गवत भरणं, टाकीला रंग मारणं हे घरोघरी जमतं. कोणत्या हवेत तो कसा चालवायचा, याचा विचार मात्र कुणी करत नाही. पंखा फुल, पंप सुरू, बस्स. मेमध्ये त्यानं झकास झोप लागते. मृग लागला की चादरी ओलसर आणि बाबांचे गुडघे धरलेले.

यंदा बाहेरची हवा मोजूनच सेटिंग करायचं ठरवलं. दोन साधे थर्मामीटर पडवीत सावलीला टांगले. एकाच्या बल्बला सुती चिंधी गुंडाळली, तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. बाबा म्हणाले, "काहून बे, थर्मामीटरलेच ताप आला का?"

नवतप्यात भर दुपारी कोरडा 44, तर ओला 24च्या आसपास. कूलरची हवा या ओल्या आकड्याच्या खाली जातच नाही. ताट्या चांगल्या असल्या तर दोघांतल्या फरकाच्या 70 ते 80 टक्के उतार मिळतो, म्हणजे हवा 28 ते 30ची येते. जूनमध्ये सरी येऊन गेल्यावर कोरडा 36, ओला 29. उतार जेमतेम पाचाचा, आणि वरून दमटपणा. अशा वेळी पंप चालवणं म्हणजे पाण्याची नासाडी.

मग मी असं ठरवलं: फरक 15च्या वर असेल तर पंप सलग. 10 ते 15 असेल तर टायमरवर, पाव तास चालू, पाव तास बंद. तेवढ्यात गवत काही वाळत नाही. त्याखाली नुसता पंखा. हे आकडे आमच्या खोलीचे, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

या सगळ्यापेक्षा मोठं सेटिंग म्हणजे कूलरसमोरची खिडकी. 'थंडी बाहेर जाते' म्हणून आई ती लावून घ्यायची. पण ओली हवा बाहेर पडली नाही तर तीच खोलीत फिरत राहते. तिथला पडदा बाहेरच्या बाजूला फुगला पाहिजे, एवढंच बघायचं.

आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढायचाच. लोखंडी कूलर आहे, अर्थिंगच्या भरवशावर राहू नका.

टायमरची एक कटकट आहे. लाईट गेली की तोही थांबतो आणि मागे पडतो. पहाटे चारला पंप बंद व्हायला लावलेला असतो, होतो साडेपाचला. म्हणून ते काम आता बाबांकडे आहे. ते तसेही चारला उठतात.