अंतरपाट निघतच नाही

नानांनी तिसरी डीव्हीडी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “अरे, परत तेच. पोरीच्या लग्नात अंतरपाट काय निघत नाही.”

२००८ची वसुबारस होती. साताऱ्यात राजपथावर एका जिन्याखाली माझं दहा बाय आठचं दुकान होतं. लग्नाची शूटिंगं घ्यायचो आणि सीझन नसला की लोकांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटच्या डीव्हीडी करून द्यायचो. घरोघरचे व्हीसीआर बंद पडत चालले होते, कॅसेटना बुरशी धरत होती, त्यामुळे या कामाला मरण नव्हतं. नानांची कॅसेट १९९१ची. मुलीचं लग्न, कराडच्या एका कार्यालयातलं, सगळं मिळून एक तास पाच मिनिटं. पाडव्याला लेक-जावई पुण्याहून येणार, तेव्हा सगळ्यांना बसवून दाखवायचं असा बेत होता.

तक्रार अशी की ४१व्या मिनिटाला डिस्क अडकते. शेवटचं मंगलाष्टक, भटजींनी हात वर केलेला, आणि चित्र गोठतं. अंतरपाटाच्या अलीकडे नवरा, पलीकडे नवरी. मग पडद्यावर चौकोनच चौकोन होतात आणि प्लेयर उडी मारतो तो थेट पंगतीत.

आमच्या धंद्यात पहिलं बोट कायम कोऱ्या डिस्ककडे जातं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. त्या वेळी सुट्ट्या डिस्क आठ-दहा रुपयांना मिळायच्या आणि घाईत सगळेच सोळा पट वेगाने बर्न करायचे. म्हणून नाना पहिल्यांदा परत आले तेव्हा मी चांगल्या कंपनीची डिस्क घेतली, चार पट वेगाने सावकाश बर्न केली आणि वर पैसे घेतले नाहीत, याचा मोठेपणाही मिरवला. ती अडकली. दुसऱ्या वेळी डीव्हीडी प्लस आर घेतली आणि तिच्यावरची ओळखीची खूण बदलून प्लेयरला ती बाजारातल्या छापील डिस्कसारखी वाटेल असं केलं. जुने प्लेयर या युक्तीला फसतात. हा फसला नाही.

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. डिस्क खराब असती तर तीन डिस्क तीन जागी अडकल्या असत्या. तिन्ही एकाच क्षणाला अडकतात म्हणजे दोष मी त्यांच्यावर जे लिहिलंय त्यात होता. पण दुकानातल्या संगणकावर आणि माझ्या नव्या प्लेयरवर तिन्ही सुरळीत चालत होत्या, त्यामुळे मी नानांच्या प्लेयरवर ढकलून मोकळा झालो. “नाना, तुमचा प्लेयर जुना झालाय.”

“जुना आहे. पण बाजारातले सगळे पिक्चर चालतात त्याच्यावर,” नाना म्हणाले. “तू घरी चल आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.”

दुकान शेजारच्या पोराच्या भरवशावर टाकलं आणि त्यांच्या मागं निघालो. घर मंगळवार तळ्याजवळ. माईंनी हातात चिवड्याची बशी दिली आणि प्लेयरवरचं विणलेलं झाकण काढलं. टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा, २१ इंची. हे महत्त्वाचं आहे, कारण माझ्या दुकानातली शेवटची ट्यूब मी त्याच उन्हाळ्यात मोडीत काढून एलसीडी मॉनिटर लावला होता.

डिस्क सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझा घास अडला. परण्याला निघालेलं नवरदेवाचं घोडं जागच्या जागी थरथरत होतं. एक पाऊल पुढं, अर्धं मागं, पुन्हा पुढं. वाजंत्र्यांचे हात, उडणारा गुलाल, जे जे हलतंय ते सगळं शिवशिवतंय. स्थिर उभी असलेली माणसं मात्र स्वच्छ.

“हे असं पहिल्यापासून दिसतंय?”

“हो की,” माई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं घोडंच म्हातारं होतं. होतंही तसं.”

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं. एकदा एकाआड एक ओळी, मग मधल्या उरलेल्या. या अर्ध्या भागांना फील्ड म्हणतात, सेकंदाला ५०. कुठलं फील्ड आधी दाखवायचं, हे फाइलवर बरोबर लिहिलेलं असावं लागतं. ते उलटं पडलं की टीव्ही नंतरचा क्षण आधी दाखवतो आणि आधीचा नंतर. संगणकावरचा प्लेयर दोन्ही फील्ड एकत्र कालवून दाखवतो, त्यामुळे तिथं ही चूक झाकली जाते. ट्यूबवर ती लपत नाही. कॅसेटचं चित्र संगणकात घेणारं माझं जुनं कॅप्चर कार्ड वरचं फील्ड आधी द्यायचं. मे महिन्यात मी त्याच कामासाठी डीव्ही या डिजिटल पद्धतीचा नवा डबा घेतला, आणि डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. डबा बदलला, पण एन्कोडरमधली, म्हणजे चित्र दाबून डीव्हीडीजोगं करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग मी जुनीच ठेवली होती.

म्हणजे मे ते ऑक्टोबर. मनातल्या मनात मोजलं, तीसेक कॅसेट झाल्या असतील. तीस घरांत घोडी थरथरत असतील आणि एकानेही तक्रार केली नव्हती. लोकांना वाटतं जुनी कॅसेट आहे, असंच दिसायचं. चिवडा खरंच चांगला होता, पण पुढचा घास काही घशाखाली उतरेना.

हे झालं घोड्याचं. अडकण्याचं कारण मात्र वेगळं होतं आणि ते मला रिमोटनं दाखवलं. काही जुन्या प्लेयरवर डिस्प्लेचं बटण दोनदा दाबलं की कोपऱ्यात बिटरेट दिसतो, म्हणजे त्या घडीला चित्रासाठी सेकंदाला किती मेगाबिट वाचले जाताहेत ते. नानांचा प्लेयर त्यातलाच निघाला. मी चाळिसाव्या मिनिटावर आणून बटण दाबलं आणि तिघंही आकड्याकडं बघत बसलो.

अंतरपाट धरलेला, भटजी गाताहेत, आकडा ६च्या आसपास. “सावधान!” आकडा ८. पुन्हा खाली. पुढचं मंगलाष्टक, “सावधान!” आकडा ८.७ आणि चित्राला किंचित उचकी. हे मी दुकानात कधी बघितलंच नव्हतं, कारण मी थेट ४१व्या मिनिटावर जाऊन बघायचो. मग शेवटचं “तदेव लग्नं” सुरू झालं. ताशावाल्यानं काठ्या उचलल्या, कोणीतरी हॅलोजनचा दिवा पुढं सरकवला, फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, आणि दोन-तीनशे माणसांनी मुठी मोकळ्या केल्या.

९.२. ९.६. ९.८. थांबलं.

“बघ,” नाना म्हणाले.

मी बघत होतोच. डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ पद्धतीनं दाबून साठवतात, आणि तिची सगळी काटकसर एकाच गोष्टीवर उभी असते. एक पूर्ण चित्र साठवायचं आणि पुढच्या दहा-बारा चित्रांत फक्त काय हललं तेवढं लिहायचं. मंडपात उभी माणसं आणि ताणून धरलेला अंतरपाट म्हणजे त्याला आयती चैन, तिथं काही हलतच नाही. पण अक्षता उडाल्या की पडद्याचा कण न् कण वेगवेगळ्या दिशेला पळतो. त्यात फ्लॅशनं अख्खं चित्र एका क्षणात पांढरं होतं, म्हणजे मागच्या चित्राचा उपयोग शून्य. शिवाय सतरा वर्षांच्या कॅसेटवरचे मुंगीएवढे ठिपके, तेही बिचाऱ्या एन्कोडरला अक्षताच वाटतात.

“एवढ्याशा तांदळानं मशीन बंद पडतं होय?” मी म्हणालो, स्वतःशीच.

“तांदूळ कुठले,” माई म्हणाल्या. “जोंधळं होतं ते. आमच्याकडं जोंधळ्याच्याच अक्षता.”

उरलेला हिशेब मी माईंकडून कागद-पेन घेऊन तिथंच केला. कॅसेट पाऊण-एक तासाची असली की डिस्कवर जागा उरते, आणि जागा उरली की मला हाव सुटते. चित्राला सरासरी साडेसात मेगाबिट, कमाल ९.८, आणि आवाज अजिबात न दाबता पीसीएममध्ये. डिस्क ४.७ जीबीची, फाइल त्यात बसली, मी खूश. पण पीसीएमचा आवाज स्वतःच दीड मेगाबिट खातो. ९.८ आणि दीड मिळून ११.३. डीव्हीडीच्या नियमात चित्र आणि आवाज मिळून मर्यादा १०.०८ची आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, एक पट वेगानं फिरणारी डिस्क सेकंदाला ११.०८ मेगाबिटच देऊ शकते. नव्या प्लेयरची चकती जास्त जोरात फिरते, ते खपवून घेतात. नानांचा प्लेयर नियमाप्रमाणे चालत होता. मेनू तयार करताना सॉफ्टवेअरनं बिटरेट जास्त असल्याचा पिवळा इशाराही दिला होता. मी ओके दाबलं होतं. नेहमीच दाबायचो.

नानांना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “नाना, प्लेयर चांगला आहे. चूक माझी आहे.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “ते मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.”

रात्री बसलो. फील्ड बदललं. आवाज दाबून डॉल्बी एसी-३मध्ये, २२४ किलोबिट. लग्नातला ताशा आणि भटजींचा कर्ण्यातला आवाज, त्याला पीसीएमचे कसले लाड करायचे! चित्राची सरासरी सहा, कमाल आठ. ठिपके घालवणारा फिल्टर हलक्या हातानं लावला, कारण जास्त लावला की अक्षता हवेत विरघळतात आणि माणसांचे चेहरे मेणाचे होतात. व्हीएचएसच्या चित्रात अगदी खाली थरथरणारी पट्टी असते, तिच्यावर काळी पट्टी मारली. तीही फुकट बिट खाते. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग, साडेतीन तास. पहाटे पाचला भारनियमन होतं आणि माझा यूपीएस जेमतेम वीस मिनिटं तग धरायचा. चार पस्तीसला फाइल पूर्ण झाली.

धनत्रयोदशीला सकाळी डिस्क घेऊन गेलो. घोडं चाललं, अगदी रुबाबात. मंगलाष्टकं आली, मी डिस्प्लेचं बटण दाबून ठेवलं. ६. ७.४. फ्लॅश, ७.९. अक्षता पडल्या, मुठीच्या मुठी, भटजींच्या टकलावरून घरंगळल्या, आणि अंतरपाट उत्तरेकडं ओढला गेला. ताशा कडाडला. माईंनी नकळत दोन्ही हात जोडले. नाना पडद्याजवळ जाऊन एका कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, “हा बघ, दाजी. हाच अक्षता नेम धरून मारायचा.” मग तेवढंच परत लावायला लावलं, चार वेळा.

दुकानात येऊन मी वही काढली आणि मेपासूनच्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. सत्तावीस जणांशी बोलणं झालं, नऊ जण डिस्क बदलून घेऊन गेले. बाकीच्यांनी “चाललंय की व्यवस्थित” म्हणून फोन ठेवला. दिवाळीनंतर मोडीच्या दुकानातून सहाशे रुपयांना एक जुना ट्यूब टीव्ही उचलला आणि काउंटरखाली ठेवला. पुढची तीन वर्षं प्रत्येक डिस्क आधी त्याच्यावर लागायची.

पाडव्यानंतर नाना आणखी दोन प्रती सांगायला आले. मी त्या बिघडलेल्या तीन डिस्क परत मागितल्या, उगाच कोणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. ते म्हणाले, माईंनी त्या परसातल्या पेरूला बांधल्यात, पोपट येत नाहीत.