दुसरा गिअर कुरकुरतो तेव्हा

माझ्या २०१२ च्या हॅचबॅकचा दुसरा गिअर गेल्या पावसाळ्यापासून त्रास देत होता. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कर्र असा आवाज होऊन दांड्याला झटका बसे, आणि क्लच सोडून पुन्हा दाबला की तोच गिअर निमूट पडे. शिवाय सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभे असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असे. पहिले लक्षण झिजलेल्या सिंक्रोनायझर रिंगचे (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारे पितळी कडे), तर दुसरे इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या आसाच्या, बेअरिंगचे होते. क्लच दाबूनही इंजिनापासून पूर्ण सुटत नसता, तर उभ्या गाडीत रिव्हर्सही करकरला असता. तो शांत होता, म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या आतच होता.

बिबवेवाडीतल्या आमच्या मेकॅनिकने ऑइल काढले, तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता, जो थोडाफार असतोच. पण ट्रेमधल्या ऑइलमध्ये पितळेचा सोनेरी चुरा चमकत होता. पूर्वी एका गॅरेजने जीएल-४ ऐवजी जीएल-५ या दुसऱ्या दर्जाचे गिअर ऑइल भरल्याचे बिलावरून नंतर लक्षात आले. त्यातली गंधकयुक्त द्रव्ये पितळेला मानवत नाहीत. सगळी झीज त्यामुळेच झाली असे मी म्हणणार नाही, कारण शहरात दुसरा गिअर दिवसातून शेकडो वेळा पडतो.

नवी असेंब्ली, म्हणजे अख्खा नवा गिअरबॉक्स घ्यायचा, तर तिच्या किमतीत रिबिल्ड (आहे तोच उघडून झिजलेले भाग बदलणे) जवळपास तीनदा झाला असता, आणि गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपत असल्याने तो विचार मी लगेच सोडला. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी केल्यावर जुन्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स मिळत होता आणि तो रिबिल्डपेक्षा स्वस्तही होता. आरसी बुकात इंजिन व चॅसिस क्रमांकच असल्याने कागदोपत्री अडचण नव्हती. मात्र बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गिअरबॉक्समध्ये फायनल ड्राइव्हचे, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचे, गुणोत्तर वेगळे असू शकते, आणि आतल्या रिंगा किती उरल्या आहेत, हे दुकानाच्या फळीवर शाफ्ट हाताने फिरवून कळत नाही. दुसऱ्याची झीज विकत घेण्यापेक्षा आपली मोजलेली बरी, असे मला वाटले.

म्हणून उघडेपर्यंत काहीच ठरवायचे नाही, असे आम्ही ठरवले. बेअरिंगचे बाहेरचे कडे केसिंगमध्ये फिरून तिथली जागा सैल झाली असती किंवा शाफ्टवर खोल चरे पडले असते, तर मी नाना पेठेचाच रस्ता धरला असता. दोन्ही ठीक निघाले. रिंग आणि गिअर यांच्यातली फट मात्र फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजल्यावर मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा कमी भरली, कारण रिंग झिजली की ती गिअरच्या जवळ सरकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गिअरच्या कडेचे बारीक दात, जे टोकदार असायला हवेत, ते नखाखाली गुळगुळीत लागत होते. अशा दातांवर नुसती नवी रिंग बसवली असती, तर काही महिन्यांत तीच करकर परत आली असती. म्हणून दुसरा गिअर, त्यात अडकणारी सरकती स्लीव्ह, सर्व रिंगा, बेअरिंग आणि सील बदलले. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असल्याने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी नवे घेतले, जरी त्यामुळे अंदाजपत्रक चांगलेच फुगले.

दुरुस्तीनंतर आतापर्यंत गाडी साडेसातशे किलोमीटर चालली आहे. घरघर गेली आहे, दुसरा गिअर आवाज न करता पडतो, पण दांडा अजून थोडा जड लागतो. १,००० किलोमीटरला ऑइल पुन्हा काढून चुंबक पाहायचे ठरले आहे.