बॉटनीबरोबर स्टॅट कुणी घेतं का?

ॲडमिशनच्या दिवसांत माझी ड्युटी एफवाय बीएस्सीच्या विषय निवडीच्या टेबलावर असते. फॉर्म तपासायचा, विषयांचा ग्रुप बसतोय का बघायचं, सही करायची. पूर्वी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) की सीबीझेड (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी) एवढं विचारलं की काम व्हायचं, आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे ओई (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), एसईसी (कौशल्याचा), एईसी (भाषेचा), व्हीईसी (मूल्यशिक्षणाचा), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) असं सगळं आलं आणि लाईन काही पुढे सरकत नाही. पोरांचं सोडा, आमचेच काही सिनियर लोक अजून चाचपडतात.

यंदा एक मुलगी वडिलांबरोबर आली, फॉर्मवर केमिस्ट्री, बॉटनी, स्टॅटिस्टिक्स. खिडकीवरच्या क्लार्कने आधीच परत पाठवलं होतं, कारण छापील यादीत असा ग्रुपच नव्हता. मीही म्हटलं, अगं झूलॉजी घे ना, सरळ बसतं. तर तिने पर्समधून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला सोमवार ते शनिवार रकाने पाडलेले, काही तास पेनाने लिहिलेले आणि काही पेन्सिलने. म्हटलं हे काय, तर म्हणे "मॅडम, पेनाचं हलत नाही, पेन्सिलीचं हलतं." मागच्या वर्षीचं टाइमटेबल तिने कुणा सिनियरकडून मिळवलेलं.

खरं सांगते, मी खुर्ची पुढे ओढली. कारण बहुतेक पोरं फॉर्म उलट्या टोकाने भरतात. आधी ओई, त्यातही "सोपं कोणतं, मार्क कशात पडतात" आणि मुख्य विषय काय, तर मित्राने घेतलेत तेच. आणि सेमिस्टरचे २२ क्रेडिट म्हणजे आठवड्याला २२ तास असा सगळ्यांचा समज. तसं नसतं हो. थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रॅक्टिकलचं ३० तासांचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय, प्रत्येकाला दोन क्रेडिट थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल, म्हणजे सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर नुसती प्रॅक्टिकलंच आठवड्याला १२ तास. थिअरीचे सहा, शिवाय भाषेचं एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि ओई यांचे दोन-दोन, एसईसी वेगळं. तीसच्या आसपास जातं गाडं. त्यामुळे आधी प्रॅक्टिकलच्या दुपारी पक्क्या करायच्या, त्यातही ज्या विषयाची एकच बॅच आहे तो सगळ्यात आधी, आणि ज्याच्या तीन-चार तुकड्या आहेत ते नंतर उरलेल्या जागेत सरकवायचं. पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण पेन-पेन्सिलीत तिने तेच केलेलं.

अडचण एकच होती, स्टॅटचं प्रॅक्टिकल मंगळवारी दुपारी आणि बॉटनीची तिची बॅच पण मंगळवारीच. स्टॅटला बॅच एकच, पण बॉटनीला तीन, म्हणून बॉटनीत तिला गुरुवारच्या सी बॅचला टाकलं तर प्रश्न सुटत होता. टाइमटेबलवाल्या सरांना फोन केला, ते आधी वैतागले, मग म्हणाले सी बॅचला जागा आहे, लेखी अर्ज द्या.

वडील मात्र ऐकेनात. "बॉटनी आणि स्टॅट, कशाला काही मेळ आहे का मॅडम? झाडं मोजणार आहे का ही?" शेजारच्या टेबलावर आमच्या स्टॅटच्या मॅडम होत्या, त्यांना तर आयतंच निमंत्रण. त्यांनी विचारलं, "काका, शेती आहे?" आहे म्हणाले. "मग एका वाफ्यात नवीन खत टाकलं, पीक जोरात आलं, पण तिथली मातीच मुळात चांगली असेल तर खताला शाबासकी द्यायची की मातीला?" काका गप्प. मग मॅडमनी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचं सांगितलं, हा माणूस १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात लागला, तिथल्या पिकांचे वर्षानुवर्षांचे आकडे घेऊन बसला, आणि वाफे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून प्रयोग कसा मांडायचा हे त्याच कामातून उभं राहिलं. आजही स्टॅट शिकणारी पोरं सुरुवातीला जो डेटा उघडतात तो आयरिसच्या फुलांच्या पाकळ्यांच्या मापांचा, त्यानेच १९३६ च्या पेपरमध्ये वापरलेला. काकांना इंग्लंडशी देणंघेणं नव्हतं, पण वाफ्याचा मुद्दा बरोबर पोचला. म्हणाले, कंपनीवाले बांधालगतचाच प्लॉट दाखवतात नेहमी.

मग ओईवरून परत जुंपली. ओई आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. काकांना शेअर मार्केट हवं, हिला मोडी लिपी. घरात आजोबांच्या वेळचे कागद आहेत म्हणे, कुणालाच वाचता येत नाहीत. मला विचाराल तर ओई अशाच गोष्टीसाठी असतं, दोन क्रेडिटमध्ये कुणी ब्रोकर होत नाही. पण मोडीचा तास नेमका तिच्या केमिस्ट्रीच्या थिअरीवर येत होता, आणि दुसऱ्या सेमिस्टरला ओई नव्याने निवडता येतं, म्हणून आत्ता शेअर मार्केट आणि पुढे मोडी, असं ठरलं. दोघंही थोडेथोडे नाराज, म्हणजे ठीकच जमलं.

सही करताना पान परत बघितलं तर केमिस्ट्रीच्या सगळ्या तासांपुढे पेन्सिलीने बारीक "१ व." लिहिलेलं. केमिस्ट्री काकांचा आग्रह होता हे तोवर कळलं होतंच. आणि आमच्याकडे दुसऱ्या वर्षी तीनपैकी एक विषय मेजर म्हणजे मुख्य होतो, एक मायनर म्हणजे जोडीचा, आणि तिसरा सुटतो. मी तिच्याकडे बघितलं, ती फॉर्मकडे बघत होती.

काकांनी जाता जाता विचारलंच, "मॅडम, पुढच्या वर्षी यातला एक जातो ना? कोणता जाणार?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बघू ना पप्पा, आधी फी भरू, खिडकी दोनला बंद होते."