खोल नको, पसरट हवी

आज यवतमाळकडच्या बोगद्याच्या साइटवर दिवसभर गाळटाकीवरून (बोगद्यातलं गढूळ पाणी निवळवायची टाकी) डोकेफोड. ठेकेदाराचं एकच पालुपद: "सर, जागा नाही, अजून दोन मीटर खोल करून देतो." अरे बाबा, गाळ बसायला पसारा लागतो, खोली नाही! तासाला 30 घनमीटर पाणी, गाळ बसायचा वेग तासाला 1 मीटर धरला, तर 30 चौरस मीटर लागणारच. 10 मायक्रॉनची दगडी पूड तर तासाभरात जेमतेम 30 सेंमी उतरते, तिला तुरटी नाहीतर पॉलिमर पाहिजेच.

पावसाचं वेगळंच. बोगद्याच्या तोंडावरच्या एक हेक्टर उतारावर 50 मिमी पडला म्हणजे 5 लाख लिटर. निम्मं मुरलं तरी टाकी गेली. ते वरच्यावर चर खणून वळवायचं.

तेवढ्यात खालच्या शेतातले काका आले. "साहेब, नाल्याचं पानी ढोरायले पाजाव का नाई, थे सांगा पयले." पाणी दिसायला नितळ, पण शॉटक्रीटच्या, म्हणजे बोगद्याच्या भिंतींवर फवारायच्या काँक्रीटच्या, सिमेंटचं. पीएचची पट्टी बुडवली तर गडद निळी, पीएच 11, म्हणजे कडक अल्कधर्मी! सोडायची मर्यादा 5.5 ते 9.

"सध्या नका पाजू काका," म्हटलं आणि नाल्यात पाणी सोडणारा पंप बंद करायला लावला. ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं होतं. पीएच खाली आणायला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर येईपर्यंत एक थेंब सोडू देणार नाही.