बाळंतिणीच्या खोलीतली शांतता

कुडाळ तालुक्यातल्या एका जुन्या घरात गेल्या पावसाळ्यात एका भयपटाचे चित्रीकरण झाले. तिथे ध्वनिमुद्रणाची जबाबदारी माझ्याकडे होती. संवादांखेरीज आम्ही प्रत्येक जागेतून आणखी एक गोष्ट घेऊन येतो, ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. प्रसंग संपला की सगळ्या युनिटला जागच्या जागी उभे करून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करतो. तिला आम्ही रूम टोन म्हणतो. दोन संवादांमधली फट तिने बुजवली नाही, तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी तुटल्याचे जाणवते.

कोकणातल्या घराची शांतता शहरातल्या स्टुडिओत तयार करता येत नाही, हे मी ठामपणे सांगू शकतो. जांभ्याची सच्छिद्र भिंत आणि शेणाने सारवलेली जमीन आवाज पिऊन टाकते, तर कौलांखाली माळा नसेल तिथे तोच आवाज वर जाऊन वाशांमध्ये रेंगाळतो. पाऊस थांबल्यावरही पागोळ्या गळत राहतात आणि दगडावर पडणारा थेंब, मातीत पडणारा थेंब आणि केळीच्या पानावर पडणारा थेंब हे तिन्ही वेगळे ऐकू येतात. हे सारे टिपताना दमट हवेमुळे साध्या कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये चरचर सुरू होते, म्हणून दर मधल्या सुट्टीत तो सिलिका जेलच्या डब्यात ठेवावा लागतो. इतके करून आणलेल्या आवाजावर नंतर कोणीतरी तयार संग्रहातला लून पक्ष्याचा टाहो चढवतो, तेव्हा संताप येतो. हा पक्षी उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या तळ्यांवर राहतो. आपल्याकडच्या रात्रीला पिंगळा, टिटवी आणि कोल्हेकुई पुरेशी आहे.

जागा आणि भय यांचा विचार करणारे कलावंत आज आपल्याकडे आहेत. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’ने नाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचे घेतले आणि वाडा सासवडचा वापरला, तरी खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे थांबण्याची तयारी ठेवली. त्या चित्रपटातली ओल म्हणूनच खरी वाटते. उलट, २०१६ मध्ये आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा कोकणाची बदनामी होते अशी तक्रार झाली. ती तक्रार मला तेव्हा अतिरेकी वाटली होती.

आमच्या पटकथेतले भूत अळवंतिणीचे, म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाईचे होते आणि दिग्दर्शकाने तिच्यासाठी माजघरामागची काळोखी खोली निवडली होती. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून झाले होते, घराच्या मालकांची लेखी परवानगी होती. प्रकाशयोजना लागेपर्यंत मी खोलीचा रूम टोन आधीच घेतला. माझे यंत्र बंद होईपर्यंत दाराशी थांबलेल्या घरातल्या आजी मग आत आल्या आणि म्हणाल्या, “ह्या खोलयेत माझी थोरली भयण बाळंतपणात गेली. तुमी कायय करा, पण तिका हडळ करू नकात.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परवानगीच्या कागदावर त्यांच्या मुलाची सही होती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. स्थळव्यवस्थापक मंडळी घराचा कालावधी आणि भाडे चोख ठरवतात, पण त्या घरात कोण राहते आणि कोण वारले याची चौकशी करायला त्यांना सवड नसते.

दिग्दर्शकाने, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे, वाद न घालता प्रसंग मागच्या पडवीत हलवला.

आता संकलन सुरू आहे. पडवी उघडी असल्याने तिथला आवाज पसरट येतो आणि भीती उभी राहत नाही, म्हणून त्याने माझ्याकडे त्या खोलीचा रूम टोन मागितला आहे. त्याचे म्हणणे असे की त्या मिनिटात ना कोणाचे नाव आहे, ना चेहरा, आणि दिलेला शब्द चित्रीकरणापुरता होता. तांत्रिकदृष्ट्या त्याची मागणी रास्त आहे. तो आवाज त्या प्रसंगाला चपखल बसेल हे मला त्याच्याआधी कळले होते. परंतु जागा म्हणजे तिचा आवाजच, असे मी आजवर ज्याला त्याला सांगत आलो आहे. ते खरे असेल, तर आजींनी जे नको म्हटले तेच आम्ही भिंतीआडून करणार आहोत. मी ती फाइल अजून पाठवलेली नाही. आजींना ते मिनिट हेडफोनवर ऐकवून मगच विचारायचे, असे मी दिग्दर्शकाला कळवले आहे आणि त्यासाठी येत्या आठवड्यात कुडाळला जातो आहे, कारण हे फोनवर विचारण्यासारखे नाही.