सावरडोचा कुस्करा अखेर मोकळा झाला!

झाला! शिळ्या सावरडोचा (नैसर्गिक खमिराने आंबवलेल्या ब्रेडचा) फोडणीचा कुस्करा मोकळा झाला. कढईत गोळा नाही, उलथन्याला चिकटणारं लगदं नाही, आणि मधेच दाताखाली दगडासारखी येणारी क्रस्टही (वरची कडक साल) नाही. मागच्या दोन्ही नोंदींमध्ये मी ज्या चिकटपणाबद्दल लिहिलं होतं तो पूर्ण गेला आहे. हे लगेच लिहून ठेवते, कारण पावसाळ्यात आपल्या सगळ्यांकडेच अर्धा अर्धा लोफ उरून पडतो.

लोफ नेहमीचाच आहे: ७५ टक्के हायड्रेशन (म्हणजे पिठाच्या वजनाच्या ७५ टक्के पाणी), २० टक्के खपली गव्हाचं पीठ, बाकी मैदा, कणीक रात्रभर फ्रिजमध्ये रिटार्ड (हळू आंबायला ठेवलेली). नव्याने आलेल्यांसाठी अडचण थोडक्यात सांगते. पोळीचा कुस्करा आपल्या हाताला सवयीचा असतो. पोळी पातळ, तव्यावर भाजलेली, पाणी कमी, त्यामुळे फोडणीत टाकली की मोकळीच राहते. बाजारच्या स्लाइस ब्रेडमध्ये स्निग्धांश आणि इमल्सिफायर असतात, त्यामुळे तोही बरा वागतो. आपल्या लोफमध्ये मात्र पीठ, पाणी, मीठ याखेरीज काहीच नाही, आणि पाणी भरपूर. क्रम्बमधला, म्हणजे आतल्या मऊ भागातला, स्टार्च पाणी पिऊन पुरता फुललेला असतो. असा क्रम्ब कांद्याच्या ओलाव्यात पडला की बाहेरून विरघळतो आणि एकमेकांना धरतो.

आधी सगळे उपाय पाण्याच्या बाजूने करून पाहिले. कटलेटसाठी करतो तसा ब्रेड भिजवून पिळून घेतला, तर सरळ लगदा झाला. मग उलट टोक: तुकडे ओव्हनमध्ये १०० अंशांवर कडकडीत वाळवले. ते वरून कांद्याचं पाणी शोषून बुळबुळीत झाले आणि आतून कोरडे ठणठणीत राहिले. झाकण ठेवून वाफ दिली तर पहिल्यापेक्षा चिकट. तेल वाढवल्यावर तुकडे मोकळे दिसले, पण खाताना तोंडभर तेल. ही वाट मला मुळीच मान्य नाही, कुस्करा तेलकट झाला की त्यातली गोडी जाते.

उत्तर दोन ठिकाणी सापडलं.

पहिलं म्हणजे भुगा. ब्रेड मिक्सरला फिरवला की हरभऱ्याएवढ्या तुकड्यांबरोबर पिठासारखा बारीक भुगा पडतो. ओलावा सगळ्यात आधी हाच भुगा पितो, त्याची खळ होते आणि ती खळच चांगल्या तुकड्यांना चिकटवते. म्हणून मिक्सर पूर्ण बंद. क्रम्ब हाताने तोडायचा आणि मग रव्याच्या चाळणीतून चाळून घ्यायचा. चाळणीखाली पडलेला भुगा बघितला तेव्हाच खात्री पटली. एवढ्या एका बदलाने निम्मा चिकटपणा गेला.

दुसरं उत्तर फ्रिज. इथे थोडं थांबून लिहिते, कारण ब्रेड कधीही फ्रिजमध्ये ठेवू नका असं मीच सगळ्यांना सांगत असते, आणि टोस्टसाठी, सँडविचसाठी ते आजही खरंच आहे. ब्रेड शिळा होणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो, आणि गरम केल्यावर पुन्हा मऊ पडतो. भाजताना मोकळा झालेला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसतो, आणि फ्रिजच्या तापमानाला, ४ अंशांच्या आसपास, हे सगळ्यात वेगाने होतं. डीप फ्रीझरमध्ये ते जवळजवळ थांबतं. म्हणून साठवायचा ब्रेड फ्रीझरमध्ये.

पण फोडणीच्या भाताला आपण काय वापरतो? रात्रीचा गार भात. ताज्या भाताचा गिचका होतो, गार भाताचं शीत न् शीत सुटं राहतं. तिथेही हाच स्टार्च आणि हीच घट्ट होण्याची क्रिया. म्हणजे टोस्टसाठी जो दोष, तोच कुस्कऱ्यासाठी गुण. उरलेला लोफ सुती कापडात गुंडाळून मुद्दाम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी क्रम्ब तोडला, तर तुकडे स्वच्छ तुटले, बोटांना काही चिकटलं नाही, भुगाही कमी पडला.

आता राहिला कोरडेपणा, कारण असा घट्ट क्रम्ब तसाच फोडणीत गेला तर घशाला लागतो. तो सुटला सासूबाईंमुळे. त्या शिळ्या भाकरीचा कुस्करा करताना फोडणीआधी ताकाचा हबका मारतात आणि परात झाकून ठेवतात. स्पेनमध्ये मेंढपाळांचा ‘मिगास’ हा शिळ्या ब्रेडचा पदार्थ आहे. त्यातही आदल्या रात्री तुकड्यांवर मिठाचं पाणी शिंपडून ते ओल्या कापडाखाली ठेवतात आणि सकाळी लसणाच्या तेलात परततात. म्हणजे पाणी थोडं आणि वेळ भरपूर. ओलावा तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचतो, पण वर साचत नाही. आपल्या पावसाळी हवेत मात्र ओला ब्रेड रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तासभर पुरतो.

सध्याचं माप असं: क्रस्ट काढलेला, चाळलेला क्रम्ब २५० ग्रॅम. आंबट नसलेलं पातळ ताक ६० ते ७० मिली, त्यात अर्धा चमचा मीठ. बोटांनी तीन-चार वेळा हबका मारायचा, दर वेळी तुकडे खालीवर करायचे. पिळून घट्ट केलेल्या ओल्या मलमलीखाली तासभर. मग बिडाच्या कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे. कांदा त्याचं पाणी पुरतं आटेपर्यंत परतायचा, इथे घाई नको. मग ब्रेड, मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. पाच-सहा मिनिटांत तुकड्यांच्या कडा सोनेरी होतात आणि आत मऊपणा राहतो. वरून चिमूटभर साखर, कोथिंबीर, ओलं खोबरं. लिंबू अजिबात नको, ब्रेडचा स्वतःचा आंबटपणा पुरेसा असतो आणि तोच तर या कुस्कऱ्याला पोळीच्या कुस्कऱ्यापासून वेगळं करतो. पहिला घास घेतला तेव्हा मला फार आनंद झाला. घरात सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

हत्यारांबद्दल: क्रस्ट काढायला दातेरी सुरीपेक्षा मला विळी आवडली. घट्ट झालेला लोफ दोन्ही हातांत धरून पात्यावर ओढला की क्रस्ट पातळ निघते आणि चुरा होत नाही. पातं मात्र नुकतं पाजळलेलं हवं. कढई बिडाचीच घ्या, नॉनस्टिकमध्ये तुकडे नुसते गरम होतात, खरपूस होत नाहीत. आणि ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) बटणावरच्या आकड्यांवर विसंबू नका, आतला वेगळा थर्मामीटर ही या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी आहे. खपलीच्या बाबतीत, मी आता पीठ मागवणं बंद करून गहू आणून गिरणीतून दळून घेते. आधीच्या पुरवठादाराचं पीठ दर खेपेला वेगळं यायचं, आणि एकाच लोफवर प्रयोग करायचा तर पीठ तरी तेच हवं.

चाळलेला भुगा वाया गेला नाही. तो थालीपीठाच्या भाजणीत मिसळला, चार वाट्या भाजणीला एक वाटी. थालीपीठ थापायला सोपं गेलं, कडेला भेगा पडल्या नाहीत. उरलेला बटाट्याच्या कटलेटला लावला. त्यासाठी क्रम्बचाच भुगा घ्या. क्रस्टचा आधीच भाजलेला असतो, तो तेलात पटकन काळा पडतो.

राहिली क्रस्ट. पुढच्या खेपेला जर्मन बेकर करतात तसं शिळा ब्रेड भिजवून राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) या धान्याच्या नव्या कणकेत घालायचं ठरलं होतं, मागे तसं लिहिलंही होतं. पण कॅटलोनियात तळलेला ब्रेड, बदाम आणि लसूण खलबत्त्यात कुटून रश्श्याला दाटपणा आणतात, त्याला ‘पिकाडा’ म्हणतात. आपण वाटणात भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा घालतो, ते बऱ्याच अंशी हेच काम. तर काळ्या वाटणात निम्म्या खोबऱ्याऐवजी खरपूस क्रस्ट? काल मटकीच्या उसळीत थोडी घालून पाहिली. रस्सा छान दाट झाला, चवीत एक भाजका खमंगपणा आला, तर्री मात्र कमी सुटली, कारण खोबऱ्याचं तेल कमी पडलं. म्हणून आता निम्मं नको, पाव हिस्सा करून बघणार.

आणि हे लिहितानाच आणखी एक सुचतंय. फ्रिजमुळे तुकडे इतका आकार धरतात, तर आमटीत का नाही? तोस्कानातली ‘रिबोलिता’ म्हणजे शिळा ब्रेड घालून उकळलेलं भाजी-कडधान्याचं सूपच. चिंचगुळाच्या आमटीत वरणफळांच्या जागी सावरडोचे मोठे, क्रस्टसकट तुकडे, अगदी शेवटच्या पाच मिनिटांत. चिंच मात्र निम्मी, आंबटपणा ब्रेडमधूनही उतरणार. राईचा लोफ थांबू दे, या रविवारी हेच.

एक सावधगिरी. आंबटपणामुळे सावरडोला बुरशी जरा उशिरा येते, आणि आतून तार सुटण्याचा रोगही सहसा होत नाही, पण पुण्याच्या जुलैत यावर भरवसा ठेवू नका. एक जरी हिरवा-पांढरा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नका, अख्खा टाका. फ्रिजमधला लोफ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दव धरतं. कापडच बरं.

ज्यांचा लोफ ८० टक्क्यांच्या वर हायड्रेशनचा असतो त्यांनी ताक ५० मिलीपासून सुरू करा. आणि कुणाकडे जवस किंवा तीळ घातलेला लोफ उरला असेल तर त्यावर हे करून नक्की कळवा. जवस ओलावा धरून ठेवतो, तेव्हा तिथे हबका किती लागेल हे मला बघायचं आहे.