जुन्या सफरचंदाचं कलम: एक फजिती आणि तीन रोपं

बागेतलं ते झाड शंभरीच्या पुढचं. खोड पोकळ, अर्धी बाजू वाळलेली, तरी फळं धरायचं. नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. बागेच्या जुन्या नकाशात नेमका त्याच जागी शाईचा डाग. झाड पडण्याआधी त्याचा वंश वाचवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

मला वाटलं होतं, बी पेरलं की झालं. बागेतले जुने माळी हसले. सफरचंदाचं बी आईवर जात नाही. फुलाला परागकण दुसऱ्याच जातीच्या झाडाचे लागतात, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवं, वेगळं झाड. इंग्लंडमधल्या साउथवेल गावात १८०९ साली लावलेल्या बियांतून ब्रॅम्ली जात निघाली. पुढची बहुतेक सगळी ब्रॅम्ली झाडं त्या एकाच झाडाची कलमं, नाहीतर कलमांची कलमं. जात टिकवायची तर काडी कापून दुसऱ्या मुळांवर बसवायची, बी पेरून भागत नाही.

काड्या ऐन हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना काढल्या. गेल्या हंगामात वाढलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड. अशा म्हाताऱ्या झाडावर त्या शोधतानाच दम निघाला, कारण नवी वाढ जेमतेम वीतभर. ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि तिथेच घात झाला: शेजारच्या कप्प्यात फळं होती. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं काडीवरचे डोळे मरू शकतात. हे मला सांगितलं होतं, मीच विसरलो.

तरीही बारा कलमं बांधली. खुंट, म्हणजे ज्यांच्या मुळांवर काडी बसवायची ती रोपं, एमएम १०६ जातीचे घेतले. एम ९ या दुसऱ्या जातीच्या खुंटावर झाड ठेंगणं, आटोपशीर राहतं. पण त्याला जन्मभर काठीचा टेकू लागतो, आणि या बागेत पुढे कोण काळजी घेईल याची खात्री नव्हती. काडी आणि खुंट दोघांना सारखा तिरका काप, त्यात एकेक जीभ, जीभ जिभेत अडकवायची. दोघांच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला पाहिजे. खुंट जाड असेल तर निदान एका बाजूनं तरी. सुरी वस्तऱ्यासारखी हवी. माझी नव्हती, अंगठ्यावरची खूण अजून आहे.

वसंतात एका कलमावर पालवी फुटली. मी तीन आठवडे सगळ्यांना फोटो दाखवत होतो. मग माळीबाबांनी जोडावर बांधलेली पट्टी बोटानं दाखवली: फूट जोडाच्या खाली होती. म्हणजे खुंटच वाढत होता आणि माझी काडी वर वाळून कोळसा झाली होती! बाराही गेली.

दुसऱ्या हिवाळ्यात फळं फ्रिजबाहेर, सुरीला धार, आणि खुंटाची फूट दिसली की लगेच खुडून टाकायची. आठांपैकी तीन जगली. शाईचा भरवसा नाही, हे नकाशानं शिकवलं होतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं कोरलं: ‘ओळ ४, झाड ७, नाव माहीत नाही.’ एक रोप मुद्दाम दुसऱ्या बागेत दिलं. पानं डीएनए तपासणीला पाठवली आहेत, उत्तर यायचं आहे.